गारा लागलेली सफरचंदं

युरियान स्लोटेल मार्च महिन्यात वारला आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत त्याने सात चित्रं पूर्ण केली. जिवंतपणी त्याला एवढा उरक कधीच नव्हता.

सातही चित्रं फळांची होती. त्यांच्या पाठीवर चित्रकार संघाचा लाखेचा शिक्का मीच मारला, कारण व्लीटडाम गावच्या संघाचा चिटणीस मी आहे. संघ चित्रकारांचा म्हणायचा, पण संघाचा पालक संत लूक, त्याच्या छत्राखाली आमच्याकडे पाट्या रंगवणारे, काचा बसवणारे आणि भरतकाम करणारेही येतात. चित्रकार त्यांच्यात अल्पसंख्य आहेत. मला स्वतःला चित्रातलं काही कळत नाही. लायडनला दोन वर्षं कायदा शिकलो, तिसऱ्या वर्षी वडील गेले, अक्षर बरं होतं, म्हणून इथे लागलो. चिटणिसाला चित्रातलं कळत नसलं की त्याच्या हातून पक्षपात होत नाही, असं आमचे मुख्य पंच म्हणतात. हीच पात्रता ते इतर दोन पंच निवडतानाही पाहतात.

संघाचा नियम असा आहे. सभासद वारला की त्याच्या विधवेने एक वर्ष आणि सहा आठवडे त्याची मागे उरलेली चित्रं विकावीत. मग दुकान बंद करावं, पाटी उतरवावी, किंवा संघातल्याच कुणाशी लग्न करावं. वरचे सहा आठवडे कशासाठी हे जुन्या वह्यांतही सापडत नाही. बहुधा रंग वाळायला. विकण्याआधी प्रत्येक चित्र संघाच्या खोलीत आणायचं, तीन पंचांनी ते पाहायचं, मृताच्याच हातचं आहे असं ठरवायचं, आणि मी शिक्का मारायचा.

युरियानची विधवा हिलेगोंड दर महिन्याला एक चित्र काखेत मारून यायची. उंच, हडकुळी बाई. टोपी पांढरीशुभ्र, नखांत मात्र पिवळा रंग. चित्रातली फळं ती काढते हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि संघात कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीत आणि संघात माणसं तीच होती.

युरियान चांदी सुरेख काढायचा. सुरई, ताटली, सुरीची मूठ. तेवढं झालं की खाली सही करायचा आणि 'तीन हेरिंग' नावाच्या गुत्त्यात जाऊन बसायचा. बाजारात फळं निवडायला हिलेगोंड जायची. पीच ती दाबून बघायची नाही, देठाकडून वास घ्यायची आणि आणखी चार दिवस तग धरील असंच उचलायची. द्राक्षांवरचा धुरकट थर पुसला जाऊ नये म्हणून घोस देठाला दोरा बांधून घरी आणायची. मग चित्र संपेपर्यंत त्या फळांना कुणी हात लावायचा नाही. संपल्यावर सगळ्यांनी खायचं. युरियान गुत्त्यात सांगायचा, "गावात सगळ्यात महाग फळं माझ्या घरात येतात, आणि मी जन्मात एकही ताजं पीच खाल्लेलं नाही."

तर नोव्हेंबरमध्ये ती आठवं चित्र घेऊन आली.

पंच तिघे. मुख्य पंच एव्हर्ट ताल्मान, जे गावातल्या प्रतिष्ठितांची चित्रं काढतात आणि प्रत्येकाला थोडंसं स्वतःसारखं करतात. दुसरे बाल्टस, काचा बसवणारे; हात जाडजूड, आवाज त्याहून जाड. तिसरे फ्लोरिस, भरतकाम करणारे, वय ऐंशीच्या पुढे. डोळे अधू असल्यामुळे ते चित्राकडे न पाहता चित्र आणणाऱ्याकडे तोंड करून बसतात.

चित्रात निळी चिनी ताटली, तीन सफरचंदं, एक फुटलेलं डाळिंब आणि टेबलाच्या कडेवरून अर्धवट खाली लोंबणारा पांढरा कपडा. ताल्मान नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "युरियान. शंका नाही." मी लाख तापवायला घेतली.

बाल्टस मात्र चित्राला नाक लावून उभे होते. काच तपासायची त्यांची हीच पद्धत.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सफरचंद," ताल्मान म्हणाले.

"ते मला कळतं, मास्टर. मी रोज खातो. ह्याच्यावर हे खड्डे कसले?"

"कीड असेल."

"कीड नाही," हिलेगोंड दारापाशी उभी होती, तिथून म्हणाली. "गारा लागल्यात. कोवळं असताना गार बसली की साल दबते आणि वर अशी तपकिरी खपली धरते. कीड निराळी दिसते. कीड काढायची असती तर मी निराळी काढली असती."

लाख वितळून चमच्यातून खाली पडली.

"गारा," बाल्टस म्हणाले. गावातल्या कुणाहीपेक्षा त्यांना त्या शब्दाबद्दल अधिक आदर होता. "पंचवीस जुलै. संत याकोबचा दिवस. दुपारी सव्वादोन वाजता सुरू झाल्या, अडीचला थांबल्या. एकशे चाळीस घरांच्या काचा फुटल्या. मोठ्या चर्चच्या दक्षिणेच्या खिडक्या वेगळ्या." त्या पंधरा मिनिटांवर त्यांनी कालव्याकाठी नवं घर बांधलं होतं, दाराच्या कमानीवर दगडात एक गार कोरून घेतली होती. लोकांना ती लसणाची पाकळी वाटायची. "चिटणीस, युरियान कधी गेला?"

वही उघडायची गरज नव्हती, तरी मी उघडली. "अकरा मार्च."

"मग हे सफरचंद त्याने बघितलं कुठे?"

सगळ्यांनी हिलेगोंडकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की जुनं चित्र होतं, खड्डे चुकून पडले, उंदराने कुरतडलं, काहीही. दुसरी कुठलीही बाई असती तर तिने सफरचंद गुळगुळीत काढलं असतं, आणि हा प्रश्नच आला नसता. पण फळं काढणाऱ्या माणसांना एक खोड असते. टेबलावर जे ठेवलंय ते त्यांना सोडवत नाही. आमच्या गावात तर हा धर्मच आहे: पानाला भोक असेल तर भोक काढायचं, आणि भोकातून पलीकडचं दिसत असेल तर तेही काढायचं.

"त्याने नाही बघितलं," ती म्हणाली. "मी बघितलं. आमच्या परसातलं झाड आहे. चौदा वर्षं फळं मीच काढतेय. तो चांदी काढायचा आणि सही करायचा. सही झकास करायचा, त्याबद्दल वाद नाही."

"बाई," ताल्मान हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही दुःखात आहात."

"होते. मार्चमध्ये. आता मी म्हणते, माझी परीक्षा घ्या. नवीन माणसाची घेता तशीच. पास झाले तर संघात घ्या आणि दुकानावर माझ्या नावाची पाटी लावू द्या. नाहीतर एप्रिलअखेर मला दुकान बंद करावं लागेल."

"लग्नाचाही मार्ग आहे," बाल्टस म्हणाले. "आपला क्लास. पाट्या रंगवणारा. विधुर आहे, निर्व्यसनी आहे. त्याने विचारलंय म्हणे."

"दोनदा विचारलंय. त्याच्याकडे हिरवा रंग एकच आहे. झाडालाही तोच आणि दारालाही तोच."

"संसाराला किती हिरवे लागतात?"

"मला सात लागतात."

ताल्मानांनी तिला बाहेर बोळात बसायला सांगितलं. दार लावून घेतलं. मग त्यांनी कपाळ पुसलं, आणि मला कळलं की मामला सफरचंदाचा नाही.

ताल्मानांच्या दिवाणखान्यात युरियानची तीन चित्रं होती. बर्गोमास्टरांच्या, म्हणजे नगराध्यक्षांच्या, जेवणघरात दोन, तीही ताल्मानांनी शब्द दिला म्हणून घेतलेली. 'अशी फळं काढायला पुरुषाचं मनगट लागतं,' हे वाक्य ताल्मानांनी त्या जेवणघरात, हंसाचं मांस पुढे असताना, उभं राहून म्हटलं होतं. गावात ते अजून सांगितलं जायचं.

"खड्डे पुसायला सांगू," ते म्हणाले. "तीन सफरचंदं, पाच खड्डे. दुपारचं काम. मग कुणाला काही विचारायचं कारण नाही."

"पुसणार नाही," दारापलीकडून आवाज आला. आमचं दार पातळ आहे.

ताल्मान खिडकीशी गेले. बराच वेळ बाहेरच्या कालव्याकडे पाहत राहिले आणि मग अगदी सहज, आठवल्यासारखं करून म्हणाले, "बाल्टस, गेल्या वर्षी गारा पडल्या नव्हत्या का हो?"

"एक्कावन्न साली? छे! पडल्या असत्या तर मी तेव्हाच घर बांधलं असतं."

"थोड्याशा. काचा न फुटण्याइतक्या."

"कुठे?"

"एखाद्या परसात."

"एकाच परसात?"

"देवाची करणी. त्याला काय, बायबलात तो एकाच झुडपालाही आग लावतो."

"मला गारा आठवतात," फ्लोरिस म्हणाले.

ताल्मान चटकन वळले. "कधीच्या, आजोबा?"

"मी लहान होतो. स्पॅनिश फौज वेशीवर होती. आईने गार माझ्या गालाला लावली होती."

"लिहा, चिटणीस," ताल्मान म्हणाले.

मी लिहिलं: 'यापूर्वीही गावात गारा पडल्याचं ज्येष्ठ पंचांना स्पष्ट आठवतं. सन १६५१ च्या उन्हाळ्यातही काही परसांत त्या पडल्या असं पंच धरून चालतात. सबब चित्र कै. युरियान स्लोटेल यांच्याच हातचं आहे.' यंदाच्या पंचवीस जुलैला माझ्या स्वतःच्या घराच्या अकरा काचा फुटल्या होत्या. त्यातल्या दोन अजून पुठ्ठा लावून झाकलेल्या होत्या. तरी माझं अक्षर नेहमीसारखंच आलं. नोकरी अक्षरावरच मिळालेली आहे.

बोळात जाऊन निर्णय सांगायचं काम माझंच. हिलेगोंड बाकावर ताठ बसली होती.

"म्हणजे गारा मागल्या वर्षी पडल्या," ती म्हणाली.

"वहीत तसं आहे."

"आणि मला चित्र काढता येत नाही."

"त्याबद्दल वहीत काही नाही."

"बरं," असं म्हणून तिने शिक्का मारलेलं चित्र काखेत घेतलं आणि ती गेली.

त्या हिवाळ्यात कालवा गोठला, फ्लोरिस घसरून पडले आणि तीन आठवडे पंचांची बैठक झाली नाही. युरियाननेही काही नवीन केलं नाही. मार्चमध्ये मात्र नियमाप्रमाणे मला तिच्या घरी जावं लागलं. मुदत संपायच्या आधी विधवेकडे किती चित्रं उरली आहेत त्याची यादी चिटणिसाने करायची असते.

पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मांडलं होतं आणि टेबलासमोर लाकडी घोडीवर चित्र होतं. हिलेगोंड काम करत होती. माझ्यापासून लपवायची तिने खटपट केली नाही. मीही न पाहिल्यासारखं करायची केली नाही.

टेबलावर एक लिंबू अर्धं सोललेलं, साल खाली लोंबत सोडलेली. चार अक्रोड, एक फोडलेला. गेल्या शरद ऋतूतली दोन सफरचंदं, गवतात ठेवून टिकवलेली, आता सुरकुतलेली, गारांचे खड्डे तसेच. आणि या सगळ्यांच्या मागे चांदीचा एक पेला.

पेला माझ्या ओळखीचा होता. मुख्य पंच म्हणून ताल्मानांना दहा वर्षं झाली तेव्हा, आदल्या ऑक्टोबरात, संत लूकच्या दिवशी संघाने तो त्यांना भेट दिला होता. वर कोरलेला मजकूर मीच लिहून दिला होता: 'एव्हर्ट ताल्मान यांस, कृतज्ञ संघाकडून, १६५२.'

"शेजारीणबाई," मी म्हटलं, "हा इथे कसा?"

"आग्नेताबाईंनी आणून दिला." आग्नेताबाई म्हणजे ताल्मानांची बायको. "शालीखाली लपवून आणला बिचारीने. मला म्हणाल्या, हे कपाटाला कुलूप लावतात, किल्ली खिशात ठेवतात आणि म्हणतात, मिरवायचं नसतं. मग दिलाय कशाला? पेला दिसत नाही तर नाही, निदान त्याचं चित्र तरी भिंतीवर दिसू दे."

"आणि कुलूप?"

"दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे. बावीस वर्षं आहे. मास्टरांना माहीत नाही."

मी चित्राच्या जवळ गेलो. पेल्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती, पण वाचता येत होती. साल तर जरा जास्तच वाचता येत होतं.

"शेजारीणबाई, ह्यावर साल आहे."

"आहे ना. डावीकडून उजेड पडला की छान उठतं."

"युरियान तेव्हा वारलेला होता."

"त्याला गारा चालल्या," ती लिंबाच्या सालीवर पिवळ्याचा एक बारीक फटकारा देत म्हणाली, "पेला चालणार नाही?"

"तुम्ही हे मुद्दाम करताय का?"

तिने कुंचला खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला क्लासचा हिरवा रंग देऊ केलाय. "चिटणीस, टेबलावर जे आहे ते मी काढते. नसलेलं काढायचं असतं तर मी देवदूत काढले असते. त्याला मानही जास्त आहे."

तिने हे मुद्दाम केलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. संघात मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं चिटणिसाच्या कामात येत नाही. यादीत मी लिहिलं: 'एक चित्र. फळं आणि एक भांडं. रंग ओला.'

'ओला' हा शब्द मी नंतर खोडला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मुदतीला चार दिवस उरले असताना, ती चित्र घेऊन आली. ताल्मान दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली, तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"हा पेला," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"तुमचाच," हिलेगोंड म्हणाली. "बाईसाहेबांनी दिला होता. परत नेऊन दिलाय. घासून."

"कपाटाला कुलूप आहे!"

"ते मला नाही विचारायचं, मास्टर."

तेवढ्यात बाल्टस ओरडले. त्यांचं नाक चित्रातल्या पेल्याच्या पोटाला लागलेलं होतं. "अरे! ह्या माझ्या काचा! इकडे या, इकडे या सगळे. फ्लोरिस आजोबा, तुम्हीसुद्धा या. पेल्यात खिडकी दिसतेय बघा. चौकोनी तावदानं, सहा ओळी, ओळीत चार. आधी हिच्याकडे जुनी शंकरपाळ्यासारखी तिरकी होती, ती गारांत गेली. ही चौकोनी मी बसवली. ऑगस्टमध्ये! शिशाची पट्टीसुद्धा काढलीय बाईने, सांधासुद्धा!" त्यांचा आवाज भरून आला. "तीस वर्षं काचा बसवतोय. लोक काचेतून बघतात, काचेकडे कोणी बघत नाही."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पेल्याच्या वाकड्या पोटात वाकडी झालेली खिडकी होती, चोवीस तावदानांची. खिडकीसमोर, गव्हाच्या दाण्याएवढी, पांढऱ्या टोपीतली एक बाई उभी होती. हातात काडीसारखं काहीतरी. तिच्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. काचांची मात्र सगळ्यांनी तारीफ केली, फ्लोरिस आजोबांनीसुद्धा.

"पेला पुसून टाका," ताल्मान म्हणाले.

"पुसते. बाईसाहेबांना तेवढं तुम्ही सांगा. त्यांनी चुलीच्या वरची जागा ठरवलीय. तिथे तुमचं स्वतःचं चित्र होतं ते काढून जिन्यात लावलंय. येत्या रविवारी बर्गोमास्टरीणबाई बघायला येणार आहेत."

ताल्मान खुर्चीत बसले. "मग साल पुसा. नुसतं साल."

"साल ठळक हवं असं त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, दहा वर्षं ह्या माणसाचं संघ संघ ऐकलं, निदान कितवं साल ते तरी लोकांना कळू दे."

"आणि काचांना हात लावायचा नाही," बाल्टस म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो. गारांच्या वेळी मी ऐकलं. काचांचं ऐकणार नाही."

ताल्मानांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तो चेहरा मला ठाऊक होता. नोव्हेंबरात खिडकीपाशी पाहिला होता. "चिटणीस, हा पेला आम्हाला एक्कावन्न साली दिला असता तर?"

"वहीत बावन्नची नोंद आहे, मास्टर. तुमचं आभाराचं भाषणही आहे. चार पानं."

"पानं गहाळ होऊ शकतात."

"होतात. पण चौथ्या पानाच्या पाठीमागे तुमची फेरनिवड आहे."

बाहेर कालव्यातून कोबीची होडी चालली होती आणि होडीवाला शिट्टी वाजवत होता. त्याला आत काय चाललंय याची कल्पना नव्हती. असती तरी त्याने शिट्टी थांबवली नसती.

मग फ्लोरिस बोलले. ते हिलेगोंडकडे तोंड करून बसले होते, नेहमीसारखे.

"घ्या ना तिला आत," ते म्हणाले. "युरियान तरी आणखी किती काढणार? दमला असेल पोरगा."

त्यावर तासभर चर्चा झाली. चर्चेत कुणी नवीन काही बोललं नाही, पण ताल्मानांना खुर्चीतून उठायला तेवढा वेळ लागला. शेवटी ठरलं ते असं. विधवा स्लोटेल यांची परीक्षा घ्यावी. पास झाल्यास त्यांना संघात घ्यावं आणि पुढची चित्रं त्यांच्या नावाने विकू द्यावीत. हे पेल्याचं चित्र आग्नेताबाईंची खाजगी बाब समजावं आणि संघाने ते पाहिलेलंच नाही असं धरावं. आणि मागची सगळी चित्रं, भिंतींवर असलेली, विकलेली, शिक्का मारलेली, ही कै. युरियानचीच राहतील. एक्कावन्नच्या गाराही राहतील.

हिलेगोंडला आत बोलावून मी ते वाचून दाखवलं.

"मागची त्याची," ती म्हणाली.

"त्याचीच," ताल्मान म्हणाले.

"चौदा वर्षांची?"

"चौदा वर्षांची, आणि हे वरचं एक वर्ष."

तिने बोटांवर मोजलं असावं. नखांतला पिवळा रंग एकदोनदा हलला. माझ्या माहितीप्रमाणे ती शंभराच्या वर चित्रं होती. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल, चित्र उचलेल आणि क्लासकडे जाईल. पण टेबलावर जे आहे ते पाहणारी बाई ती. टेबलावर एवढंच होतं.

"बरं," ती म्हणाली.

परीक्षा जूनमध्ये झाली; तोवर दुकानाची मुदत पंचांनी वाढवून दिली. संघाच्या मागच्या खोलीत, सहा दिवस, दार बाहेरून बंद. परीक्षेला कोणतं फळ द्यायचं ते मुख्य पंच ठरवतात. ताल्मानांनी स्ट्रॉबेरी दिल्या. एक वाडगाभर, पहिल्या दिवशी सकाळी, आणि नंतर फळ बदलून मिळणार नाही असा नियम आहे. स्ट्रॉबेरी दीड दिवसात बसते हे आमच्या गावातल्या कोणत्याही गवळणीला माहीत आहे. ताल्मानांना माहीत नसावं, असं मी वहीत धरून चाललो.

हिलेगोंडने पहिल्या दिवशी वाडगा काढायला घेतलासुद्धा नाही. उजेड होता तोवर नुसत्या स्ट्रॉबेरी काढल्या, एकेक करून, हवेत तरंगत असल्यासारख्या. जेवायला दिलेली पाव-चीजची ताटली तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देठ आणि हिरव्या टोप्या झाल्या. उरलेले चार दिवस तिने सावकाश खालचा वाडगा काढला, टेबलाची लाकडी कड काढली आणि, मी दारातून ऐकलं, गाणं म्हटलं.

सहाव्या दिवशी पंच आत गेले. खोलीत आंबूस वास सुटला होता. वाडग्यात तांबडा चिखल होता आणि त्यावर बुरशीची लोकर. घोडीवर मात्र सकाळी आठ वाजताच्या स्ट्रॉबेरी होत्या, दव असलेल्या. एकीवर मुंगी होती.

बाल्टसांनी वाडग्यात पाहिलं, चित्राला नाक लावलं, पुन्हा वाडग्यात पाहिलं. "मिळतंजुळतं नाही," ते म्हणाले. मग त्यांना कळलं आणि ते हसले. "पण पहिल्या दिवशी मिळत असणार."

फ्लोरिसांनी चित्राकडे तोंड वळवलं आणि लांब श्वास घेतला. वास वाडग्याचा होता, पण ते म्हणाले, "ताज्या आहेत."

ताल्मान दोन पावलं मागे गेले. मान तिरकी केली. बराच वेळ उभे राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि मी सांगू शकतो की त्या माणसाला चित्रातलं थोडंफार कळतं. मग त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी उभ्याउभ्याच लिहून घेतला.

हिलेगोंड हात पुसत होती. "काय लिहिलं, चिटणीस? वाचा की."

मी वाचलं. "'उमेदवार पास. फळं नीटस आहेत, मेहनत दिसते. मात्र कै. युरियान स्लोटेल यांच्या हाताची सर नाही.'"

बाल्टस खोकले. ताल्मान छताकडे पाहत होते.

"पुन्हा वाचा. शेवटचं."

"'कै. युरियान स्लोटेल यांच्या हाताची सर नाही.'"

ती हसली नाही, रागावली नाही. पुसलेला हात तिने एकदा उजेडात उलटसुलट धरून पाहिला, जसं ती बाजारात पीच पाहते. मग सगळ्यात बारीक कुंचला निवडला आणि काळ्यात बुडवला.

"तुमची खोली संध्याकाळपर्यंत लागेल," ती म्हणाली. "सहीची सवय नाही मला."